एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये नेमके काय शिकावे?

सालईबन :

विदर्भातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मी मानसोपचार हा विषय शिकवतो. नव्या तुकडीची पोस्टिंग (विभागात प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकण्याचा काळ) लवकरच सुरू होईल आणि त्याआधी शिकवण्याचा आराखडा मुळापासून तपासावा असे मनात आहे. या चर्चामंचावर प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे, शिकणारे आणि रुग्णांचे नातेवाईकही वावरतात, म्हणून विभागाच्या बैठकीआधी हा विषय मांडतो आहे.

एमबीबीएसला मानसोपचाराचा स्वतंत्र पेपर नाही. त्यावरचे प्रश्न मेडिसिनच्या पेपरात येतात, आणि थोड्या गुणांसाठी येणारा भाग परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा ही परंपरा माझ्या विद्यार्थिदशेपासून अबाधित आहे. २०२१ च्या नियमांत इंटर्नशिपमध्ये मानसोपचाराचे दोन आठवडे सक्तीचे आहेत, पण त्या दोन आठवड्यांत काय करायचे हे ठरलेले नसले तर इंटर्न पीजी प्रवेशपरीक्षेचे प्रश्नसंच सोडवत बसतो. दुसरीकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते.

माझे म्हणणे असे आहे की आपण हा विषय चुकीच्या जागी बसून शिकवतो. आमचा विद्यार्थी उद्या तालुक्याच्या किंवा आडगावच्या दवाखान्यात बसणार आहे. तेथे त्याच्यापुढे येणारा मानसिक रुग्ण 'मला मानसिक त्रास आहे' असे म्हणत येत नाही. तो विष प्राशन करून येतो, दारू सुटल्यामुळे थरथरत येतो किंवा सलाइन लावून मागायला येतो. म्हणून पोस्टिंगचा निम्मा वेळ मानसोपचार वॉर्डाबाहेर, म्हणजे मेडिसिनच्या वॉर्डात, अपघात विभागात आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत जावा.

विषप्राशनाचेच पाहू, कारण कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात हा रुग्ण कोणाही डॉक्टरला टळत नाही. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक घेतलेल्या माणसाला उतारा म्हणून अॅट्रोपिन किती द्यायचे, छातीतली घरघर कमी होईपर्यंत मात्रा कशी वाढवायची, पहिल्या चार दिवसांत मान उचलता येईनाशी झाली तर श्वासाचे स्नायू थकत आहेत हे कसे ओळखायचे, हे आमची मुले उत्तम शिकतात. रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर मात्र केसपेपरवर 'समुपदेशन केले' अशी एक ओळ पडते आणि तो माणूस त्याच घरी जातो, जेथे फवारणीचा डबा कणगीमागे तसाच ठेवलेला असतो. त्या रुग्णाजवळ, नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवून, खुर्ची ओढून बसायचे आणि 'आजही मरून जावेसे वाटते का' हे सरळ विचारायचे, हे विद्यार्थ्याने प्रत्यक्ष करून शिकले पाहिजे. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. यापूर्वी असा प्रयत्न केला होता का, दारूचे प्रमाण किती, दुखणे किंवा कर्ज यांपैकी काय अंगावर आहे, घरी रात्री सोबत कोण असते, आणि औषधाचा डबा आता कोठे आहे, हे पुढचे प्रश्न. डब्याचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. अनेकांच्या मनात विचार येणे आणि हात डब्याकडे जाणे यांत फार थोडा वेळ जातो, त्यामुळे त्या वेळी डबा घरात नसणे हाच कित्येकदा उपचार ठरतो. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरला. धोरण विद्यार्थ्याच्या हातात नाही, पण रुग्णाच्या भावाला 'डबा शेतातल्या कोठ्यात कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ असू द्या' हे सांगणे त्याच्या हातात आहे.

आपापल्या अनुभवातून भर घालावी. विरोधी मताचेही स्वागत आहे.

तिखट_तर्री :

यवतमाळकडील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. सर, जागा बदलण्याचा मुद्दा पूर्णपणे मान्य, परंतु आमच्या ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात हे ध्यानात ठेवून शिकवावे. सविस्तर हिस्टरीचा (रुग्णाला विचारून घ्यायच्या माहितीचा) नमुना शिकलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात तो नमुना सोडून देतो आणि मग काहीच विचारत नाही.

माझ्या मते दोन प्रश्न तोंडात बसले पाहिजेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहते का, आणि नेहमी आवडणाऱ्या कामांतून मन उडाले आहे का? डोके जड होणे, हातापायांना मुंग्या येणे, झोप न लागणे, 'काही गमत नाही' अशा तक्रारी घेऊन जो तिसऱ्यांदा येतो त्याला हे विचारलेच पाहिजे. आमच्याकडे अशा बाईला बी-कॉम्प्लेक्सची सुई आणि सलाइन मिळते, तिला दोन दिवस बरे वाटते आणि ती पुन्हा येते. दोन्हींपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारावेत, आणि तेव्हा तिला शेवटी बसवून ठेवले तरी चालते.

दुसरे म्हणजे औषधे थोडीच शिकवा, पण पक्की शिकवा. एसिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरील गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ व अस्वस्थता होते, बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवायची, हे रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. न सांगितल्यास तो आठव्या दिवशी गोळी टाकून देतो. अॅमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरील जुन्या औषधाची महिनाभराची गोळी मरणाच्या विचारात असलेल्या माणसाच्या हाती एकदम देऊ नये, कारण ती जास्त घेतल्यास हृदयाची लय बिघडते. आणि हॅलोपेरिडॉल या तीव्र मानसिक आजारावरील औषधाची सुई दिलेल्या तरुणाची मान वाकडी झाली, डोळे वर चढले, तर तो धनुर्वात नाही आणि बाहेरची बाधाही नाही. प्रोमेथाझीनची सुई दिली की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते. मी हे नोकरीत आल्यावर एका वयस्क परिचारिकेकडून शिकलो. पुस्तकात ते होतेच, पण पुस्तकात मान वाकडी होत नाही.

पळसफूल :

मी आशांची गटप्रवर्तक आहे. डॉक्टरांच्या चर्चेत बोलावे की नाही असे वाटत होते, तरी एक गोष्ट राहून जाते आहे म्हणून लिहिते.

आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणाची तपासणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात आणि सव्वा महिन्यानंतर परत सासरी, त्यामुळे तिची पूर्ण नोंद कोणाही एका डॉक्टरपुढे नसते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एखादीची झोप पूर्ण उडते, ती असंबद्ध बोलू लागते, बाळ आपले नाही असे म्हणते किंवा बाळाकडे पाहतच नाही, तेव्हा घरचे लोक वारे लागले असे म्हणून मांत्रिकाकडे नेतात. हा तातडीचा आजार आहे, आईला आणि बाळाला दोघांनाही धोका आहे आणि त्यातून ती पूर्ण बरी होऊ शकते, हे प्रत्येक नव्या डॉक्टरला ठाऊक असले पाहिजे.

अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत घडवलेली घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत आता सगळीकडे आली आहे. तिच्यानुसार आमची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जातेच. ती बाळाचे वजन करते, तापमान पाहते. विद्यार्थ्यांनी अशा दोन-तीन भेटींना तिच्याबरोबर जावे आणि आईला झोप लागते का, बाळाविषयी काय वाटते, हे कसे विचारायचे ते पाहावे. घरात सासू किंवा आई ऐकत असताना बाळंतीण काय बोलते आणि चुलीपाशी एकटी असताना काय बोलते, यात किती अंतर असते, हे वर्गात समजणार नाही.

नवा_आपटा :

मी सध्या इंटर्न आहे. सरांनी विद्यार्थ्यांविषयी जे लिहिले ते बरोबर असले तरी थोडी आमची बाजूही मांडतो. आमच्या पोस्टिंगमध्ये आम्हाला 'जा, हिस्टरी घेऊन या' असे सांगितले जाई आणि आम्ही आणलेली हिस्टरी तपासली जाई. शिक्षक स्वतः रुग्णाशी कसे बोलतात, मध्येच रडू कोसळलेल्या माणसासमोर किती वेळ गप्प बसतात, संशयाने पछाडलेल्या रुग्णाशी वाद न घालता आणि त्याच्या संशयाला दुजोराही न देता संवाद कसा पुढे नेतात, हे आम्ही क्वचितच पाहिले. टाके घालताना आधी दाखवतात आणि मग करू देतात; येथे तसे होत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. मी मराठवाड्यातून आलो, माझे मित्र मुंबई-पुण्याचे आहेत. वऱ्हाडी बोली काही महिन्यांत कानांत बसते, पण गोंडी किंवा कोरकू बोलणारा रुग्ण आला की नातेवाईकच दुभाषा होतो, आणि ज्या नवऱ्याच्या मारहाणीमुळे ती बाई खचली आहे तोच तिची हिस्टरी सांगत असतो. अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. शेवटची गोष्ट, परीक्षेत जे विचारले जाईल तेच आम्ही शिकू. दहा मिनिटांत आत्महत्येच्या धोक्याची चौकशी करून दाखवा, असे प्रात्यक्षिक गुण देऊन घेतले तर सगळे शिकतील.

सालईबन :

@नवा_आपटा, तुमची तक्रार रास्त आहे. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः पूर्ण मुलाखत घ्यायची आणि विद्यार्थ्यांनी मागे बसून पाहायचे, एवढे तर ताबडतोब करता येईल, आणि प्रात्यक्षिकालाही गुण ठेवता येतील. दुभाष्याविषयी एवढेच सांगतो की ती जबाबदारी नवऱ्यावर किंवा लहान मुलावर कधीही सोपवू नये. वॉर्डातील परिचारिका, सफाई कर्मचारी किंवा दुसऱ्या रुग्णाच्या घरची बाई यांच्यापैकी भाषा येणारी कोणी असते. मात्र तिला आधी बाजूला घेऊन, ऐकलेले बाहेर बोलायचे नाही हे समजावून सांगावे, आणि रुग्ण बाईला ती सोबत चालेल का हे आधी विचारावे.

मोहफूल :

गडचिरोली-चंद्रपूर भागात व्यसनमुक्तीच्या कामात आहे. दारूविषयी वर एकच वाक्य आले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी जुनी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद येथे नको, पण तिचा केसपेपरवर एक विचित्र परिणाम होतो. पोलिसांच्या भीतीने रुग्ण 'मी घेत नाही' असे सांगतो, विद्यार्थी तसेच लिहितो आणि मांडीचे हाड मोडून भरती झालेला तो माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरवत, भिंतीवर किडे दिसतात असे ओरडत उठतो. मग त्याला वेडाचा झटका आला असे ठरवून बांधून ठेवतात किंवा मनोरुग्णालयात पाठवायची घाई करतात. दारू थांबल्यावर सहा-आठ तासांत थरथर, साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिटचे झटके आणि दोन ते तीन दिवसांत बरळणे, ताप, घाम व भ्रम, हे वेळापत्रक विद्यार्थ्याला पाठच असावे, कारण या अवस्थेत माणूस दगावू शकतो. लोराझेपाम किंवा डायझेपाम हे शांत करणारे औषध वेळेवर आणि पुरेसे द्यावे लागते. तसेच ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावे. मोहाच्या दारूवर आणि अर्ध्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या शरीरात थायमिन उरलेले नसते, आणि ते न देता ग्लुकोज चढवल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

प्रश्न कसा विचारायचा हेही शिकवावे. 'दारू पिता का?' याला आमच्याकडे उत्तर 'नाही' हेच येते. 'कामावरून आल्यावर अंगदुखीसाठी किती लागते?' असे विचारले की खरे प्रमाण कळते. खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) चौकशीही त्याच दमात करून घ्यावी.

जुना_लिंब :

मी मनोविकारतज्ज्ञ असून निवृत्त आहे. चर्चा चांगली चालली आहे, तथापि माझा दोन ठिकाणी मतभेद आहे आणि तो स्पष्टपणे नोंदवतो.

पहिला असा की वॉर्डाबाहेर जाण्याच्या उत्साहात तीव्र आजार पाहणे राहून जाऊ नये. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, आणि विदर्भातल्या कित्येक डॉक्टरांनी ते फक्त बाहेरून, रस्त्याने जाताना पाहिले आहे. विद्यार्थ्याने स्किझोफ्रेनियाचा (भास आणि भ्रम होणाऱ्या तीव्र आजाराचा) रुग्ण भरती होताना पाहावा आणि तोच रुग्ण काही आठवड्यांनी ओपीडीत, शेतीची कामे कशी चालली आहेत हे सांगताना पुन्हा पाहावा. केवळ पहिली अवस्था पाहिलेला डॉक्टर आयुष्यभर या आजाराला असाध्य समजतो आणि नातेवाइकांनाही तसेच सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी येथील दर्ग्यात मानसिक रुग्णाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची आपण चेष्टा करतो, पण त्यांना आधी भेटलेल्या डॉक्टरने काय सांगितले होते, हे कोणी विचारत नाही. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र देण्याचा प्रयोग झाला, त्याची माहिती विद्यार्थ्यांना द्यावी. त्याबरोबरच तमिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी २००१ साली साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण आगीत जळून मेले, तेही सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि त्याच कायद्याने कोणाही नोंदणीकृत डॉक्टरला तातडीच्या प्रसंगी ७२ तासांपर्यंत उपचार करण्याचा अधिकार दिला आहे, हे ठाऊक नसलेला वैद्यकीय अधिकारी रुग्णाला हात लावायलाच घाबरतो.

दुसरा मतभेद अधिक मूलभूत आहे. दोन प्रश्न विचारून गोळी सुरू करण्याची सवय लागली, तर बोंडअळीने पीक गेलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला आपण नैराश्याचा रुग्ण ठरवू. दुःख, चिंता आणि आजार यांतला फरक ओळखायला वेळ लागतो, आणि तो वेळ नसेल तर निदान न करणे बरे, असे माझे मत आहे.

तिखट_तर्री :

@जुना_लिंब सर, आदर ठेवून असहमती नोंदवतो. निदान न करण्याची किंमत वेगळीच असते. ज्याचे पीक गेले आहे त्याला नैराश्य होऊ शकत नाही असे थोडेच आहे? कर्जाचे कारण समोर दिसते म्हणून आपण आजार पाहायचे थांबवतो, आणि तीन महिन्यांनी तोच माणूस अपघात विभागात येतो.

सालईबन :

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण या वादावर विदर्भातूनच थोडा पुरावा उपलब्ध आहे. 'विश्राम' या उपक्रमात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभारली गेली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तेथे पहिली पायरी गोळीची नव्हती. गावातल्याच माणसाने ऐकून घेणे, आधार देणे आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत करणे ही ती पायरी होती, तर गोळी आणि तज्ज्ञ गरजेप्रमाणे पुढे येत. म्हणून विद्यार्थ्याला मी असे शिकवीन की कारण कितीही खरे असले तरी झोप, भूक, कामातला रस आणि जगण्याची इच्छा या चार गोष्टी दोन आठवडे सतत ढासळल्या असतील तर तो उपचाराचा विषय आहे; त्या शाबूत असतील तर गोळी न देता आठवड्याने पुन्हा बोलवावे. जुना_लिंब सरांनी वेळेचा जो आग्रह धरला आहे, तो या दुसऱ्या भेटीतून पुष्कळसा भागतो.

कायद्याची बाब सरांनी उपस्थित केली, तिला एक जोड देतो. विष घेतलेल्या रुग्णाचे घरचे लोक 'चुकून प्यायला असे लिहा, नाहीतर केस होईल' अशी गळ घालतात. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या जुन्या कलम ३०९ सारखा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. कुटुंबाला हे शांतपणे समजावून सांगायचे आणि नोंद मात्र खरीच करायची, याचाही सराव हवा, कारण 'अपघात' असे लिहिलेल्या रुग्णाकडे मानसोपचाराच्या दृष्टीने पुन्हा कोणी पाहत नाही.

रानवाट :

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार (मन कधी अति उत्साही, कधी अति उदास होण्याचा) आहे आणि तो बरीच वर्षे त्यावरच्या लिथियमच्या गोळीवर व्यवस्थित आहे, शेती करतो. मे महिन्यात त्याला उलट्या-जुलाब झाले, पाय लटपटू लागले आणि जीभ जड झाली. जवळच्या दवाखान्यात ऊन लागले म्हणून उपचार झाले. तो कोणती गोळी घेतो हे कोणी विचारले नाही. अंगदुखीसाठी त्याला डायक्लोफेनॅकही दिले. नागपूरला नेल्यावर रक्तातले लिथियम फार वाढल्याचे कळले. विद्यार्थ्यांना हे शिकवतात का, एवढेच विचारायचे आहे.

सालईबन :

@रानवाट, शिकवतो, पण वाचलेल्या कोष्टकातून शिकवतो आणि उन्हाळ्याशी त्याचा संबंध जोडून देत नाही, हे तुमचे वाचून लक्षात येते. पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या प्रदेशात हा धडा सर्वांत आधी यायला हवा. घाम आणि जुलाब यांमुळे शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी राखून ठेवते, आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा रक्तदाबाच्या थायाझाइड गोळ्यांनी ते आणखी वाढते. रक्तातली उपचाराची पातळी ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असते, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घ्यावे लागते, आणि विषारी पातळी फार दूर नसते. म्हणून लिथियमवरच्या रुग्णाला उलट्या-जुलाब, जोराची थरथर, लटपट यांपैकी काहीही झाले तर ती गोळी थांबवून, सलाइन लावून, तातडीने पातळी पाहायची. भावाला सांगून ठेवावे की उन्हाळ्यात मीठ एकाएकी कमी करू नये, पाणी भरपूर प्यावे आणि अंगदुखीला दुकानातून गोळी आणू नये. स्किझोफ्रेनियाच्या औषधांबरोबर, त्यांचे दुष्परिणाम टाळण्यासाठी, ट्रायहेक्सिफेनिडिल घेणाऱ्यांचा घाम कमी होतो, त्यामुळे त्यांना उष्माघाताचा धोका अधिक. त्यांनीही भर दुपारी शेतात जाऊ नये. उष्माघाताच्या प्रत्येक केसमध्ये 'कोणत्या गोळ्या चालू आहेत' हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला की नाही, यावर मी या वेळी गुण ठेवणार आहे.

@तिखट_तर्री, इंटर्नना दर आठवड्यास एक दिवस तुमच्या ओपीडीत पाठवले तर चालेल का? बाजाराचा दिवस गर्दीचा असतो, तेव्हा शिकायला भरपूर रुग्ण मिळतील असा विचार आहे.

तिखट_तर्री :

बाजाराच्या दिवशी नको, सर. त्या दिवशी कोणालाही बसवून बोलता येत नाही आणि ओळखीचे लोक रांगेत असल्यामुळे कोणी मनातले बोलतही नाही. दुसऱ्या दिवशी पाठवा. पळसफूल ताईंनी आशांकडून बाळंतिणींची आणि विषप्राशनातून घरी परतलेल्यांची यादी आधी मिळवून दिली, तर सकाळी ओपीडी आणि दुपारनंतर गावात भेटी असे दोन्ही होईल. रात्री-अपरात्री अडचण आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाच्या घरी लिहून द्यावा, हेही मुलांना तेव्हाच दाखवतो.

पळसफूल :

यादी देते. पण विषप्राशनातून परतलेल्यांच्या घरी एकदम चार-पाच मुले गाडी घेऊन नकोत, गावभर चर्चा होते. एक मुलगा किंवा मुलगी आशाताईसोबत पायी येऊ द्या, अंगात पांढरा कोट नको.